पेशकारांचा सोवळ्यातला बोर्ड

नरहरराव पेशकार गेल्याचं मला सेलूच्या बसस्टँडवर कळलं. परभणीची एक जुन्या ओळखीची बाई भेटली. डोळ्याला पदर लावून म्हणाली, "मोठा माणूस गेला हो, बाई." मी म्हटलं, "गेला एवढं खरं." ती रागावून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. बसू दे. मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात, पण असं म्हणणाऱ्यांनी आधी पेशकारांच्या शेजारी बिऱ्हाड करून दाखवावं. मी केलं होतं. आमच्या आणि त्यांच्या अंगणात कमरेएवढी भिंत होती, आणि तिच्यावरून सकाळी त्यांचा आवाज जो सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत चालायचा.

पेशकार हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. निजामाच्या राज्यात ते परभणीच्या तहसील कचेरीत पेशकार होते, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवणारे. कागद ठेवायचा, साहेबानं सही केली की उचलायचा. एवढ्याशा कामावर माणूस जन्मभर किती ऐट मिरवू शकतो, ते त्यांच्याकडं बघून कळायचं. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजाम गेला, कचेरीतली उर्दू गेली, पुढं आपला मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण पेशकारांच्या अंगावरची काळी शेरवानी काही उतरली नाही. भर चैत्रात ती घालून ओसरीवर बसायचे. मानेवरून घाम ओघळायचा. कुणी म्हटलं, "साहेब, गरम होत नाही का?" तर म्हणायचे, "आदत लागती, आदत. तुमच्यासारख्या सदरेवाल्याला काय कळणार?"

"इल्म पाहिजे, इल्म!" हे त्यांचं पालुपद; इल्म म्हणजे विद्या. भांड्याला कल्हई लावणाऱ्याला ते नवसागर किती टाकायचा ते सांगत. डॉक्टरला नाडी कशी बघायची ते सांगत. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे, तर मला एकदा अंगणातून हाक मारून त्रैराशिक समजावलं, आणि चुकीचं समजावलं. मी म्हटलं, "पेशकारसाहेब, उत्तर उलटं आलं की हो." ते म्हणाले, "मास्तरीणबाई, आमच्या जमान्यात उत्तर असंच यायचं."

एकदा गल्लीतली आम्ही चार घरं मिळून चारठाण्याची देवळं बघायला गेलो होतो. बैलगाडीतून उतरल्याबरोबर पेशकारांनी काठीनं खांब दाखवायला सुरुवात केली. हा राजा अमका, ही राणी तमकी, इथून भुयार निघतं ते थेट देवगिरीला. तिथला गुरव बिचारा बराच वेळ ऐकत उभा होता. शेवटी त्यानं विचारलं, "लय म्हाईत हाय की तुमाला. याच्या आदी कवा आलता?" पेशकार म्हणाले, "आजच आलोय." आम्ही बायका पदर तोंडात कोंबून हसलो. जानकीकाकू मात्र हसल्या नाहीत. त्या नवऱ्याच्या मागं पाण्याचा तांब्या धरून उभ्या होत्या.

जानकीकाकू म्हणजे पेशकारांची बायको. त्या बाईबद्दल माझ्या मनात जेवढी माया, तेवढाच त्या माणसाबद्दल तिटकारा. काकूंचं सोवळं गल्लीत नावाजलेलं. पहाटे आंघोळ करून ओलेत्यानं, म्हणजे अंगावरच्या ओल्या लुगड्यानंच, आडाचं पाणी भरायच्या. त्या पाण्याला, चुलीला, देवघराला सोवळ्याबाहेरच्या कुणाचा हात लागायचा नाही. लागला की विटाळ: पाणी ओतून द्या, भांडी घासा, पुन्हा आडावर जा. मला सोवळ्याचं कौतुक कधीच नव्हतं. पण काकूंनी ते कुणाला कमी लेखायला कधी वापरलं नाही. बापडी आपल्या कष्टानं, आपल्या घरात पाळायची. पेशकारांचं सोवळं मात्र दुसऱ्याच्या जिवावर चालायचं. पाणी भरायचं काकूंनी आणि विटाळ झाला म्हणून ओरडायचं यांनी.

आता त्या विजेच्या बोर्डाचं सांगते. पेशकारांच्या घरात गल्लीतला पहिला दिवा लागला होता, निजामाच्या काळात, हैदराबादच्या कुण्या साहेबाच्या शिफारशीनं. ओसरीच्या भिंतीवर सागवानी फळी, तिच्यावर चिनी मातीचे फ्यूज आणि पितळेच्या उघड्या पात्यांचा मोठा खटका. झाकण असं काही नव्हतंच. दसऱ्याला त्या फळीची पूजा व्हायची, हळदकुंकू, झेंडूची माळ. माळेतून पाणी ठिबकत असायचं. मी एकदा म्हटलं, "अहो, पाणी कशाला विजेवर?" तर म्हणाले, "आमच्या घरचा फ्यूज आजवर गेला नाही, बाई. तुमचा महिन्यात चारदा जातो. इल्म पाहिजे."

त्यांचा फ्यूज का जात नव्हता ते मला माहीत होतं. फ्यूजची तार बारीक असते ती मुद्दाम. वीज जास्त झाली की तार वितळते, घर वाचतं. पेशकारांचं म्हणणं असं की तार वितळली म्हणजे तार कमजोर. म्हणून त्यांनी तिथं बंबाच्या डागडुजीतून उरलेली तांब्याची जाडजूड तार पिळून बसवली होती. त्या तारेनं बैल बांधला असता तरी सुटला नसता. आणि वर फुशारकी!

हैदराबादेत नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं, तेव्हा घराची दुरुस्ती निघाली. पेशकारांना स्वयंपाकघर मोठं पाहिजे होतं. त्यांनी ओसरीचा अर्धा भाग भिंत घालून आत घेतला. गवंडी म्हणाला, "सायेब, ह्यो लाईटचा तख्ता आत जायलाय. आदी काढून घ्या." पेशकार म्हणाले, "जाऊ दे. घर माझं की तुझं?" झालं. तो उघडा बोर्ड आला स्वयंपाकघरात, आणि तोही कुठं, तर पाण्याच्या घडवंचीच्या बरोबर वर. खाली सोवळ्याचे हंडे, वर पितळेची पाती, मागं चुन्याची ओली भिंत.

पंधरवडाही गेला नसेल, काकू भिंतीशी येऊन मला म्हणाल्या, "सुमन, हंडा ठेवताना भिंतीला हात लागला की मुंग्या येतात गं. खांद्यापर्यंत चढतात."

मागच्याच पावसाळ्यात आमच्या चौकात विजेच्या खांबाला अंग घासणारी म्हैस उभ्या उभ्या मेली होती. ही बाई रोज पहाटे ओल्या लुगड्यात त्या भिंतीला टेकत होती. मी तशीच पेशकारांकडं गेले आणि म्हटलं, "भिंतीत करंट उतरलाय. काकू मरतील एखाद्या दिवशी."

"वात आहे तिला," पेशकार म्हणाले. "निर्गुडीचा काढा देतोय."

"वात पहाटे घडवंचीपाशीच येतो का?"

"वात कुठंही येतो," ते म्हणाले आणि शेरवानीची बटणं लावत बसले.

बायको मेली असती तरी या माणसानं बोर्ड हलवला नसता, हे मी आजही शपथेवर सांगेन. हलला तो वेगळ्याच कारणानं. नव्या तहसीलदाराच्या घरी लोखंडी पेटीचा बोर्ड आला, बाहेर लाल मुठीचा खटका असलेला. पेशकार तिथं चहाला जाऊन आले आणि त्यांची झोप उडाली. मुलाकडून हैदराबादहून तसलीच पेटी मागवली. गल्लीला सांगत सुटले की येलदरीला धरण व्हायलंय, पूर्णेच्या पाण्याची लाईट येणार, तिच्यासाठी हा इंतजाम. "पाण्याची लाईट थंड असती. हात लावला तरी काही होत नाही. आणि सोवळ्याला चालती. आत्ताची आहे ती तेलाच्या इंजिनाची, ओवळी." हे मला, गणिताच्या मास्तरणीला, गंभीर चेहऱ्यानं सांगितलं.

पेटी बसवायला गफूर वायरमन आला. गफूर काही साधुसंत नव्हता. केसांना तेल, तोंडात पान, गावात निम्मी कामं अर्धवट टाकलेली, आणि बोलणं असं की याच्याविना परभणी अंधारात बुडेल. पण विजेला भीत होता, एवढी अक्कल त्याला होती. तो उंबऱ्याशी आला आणि पेशकारांनी काठी आडवी धरली.

"आत सोवळं आहे. तू अंगणात बस. तिथून सांग, मी करतो."

गफूरला आधी थट्टाच वाटली. "साब, मैं यहाँ बैठके बोलूँ, और आप अंदर तार खोलोगे?"

"का? कचेरीत मी सांगायचो आणि साहेब सही करायचा. तसंच हे."

मी शाळेला सुट्टी म्हणून अंगणात वाळवण घालत होते. हात तसेच पिठाचे, भिंतीशी येऊन उभी राहिले. गफूर पालथ्या बादलीवर बसला. त्याची तेलकट कॅनव्हासची पिशवी मांडीवर. आतलं सगळं मला दारातून दिसत होतं. सोवळ्यात काम करायचं म्हणून पेशकार आंघोळ करून आले ते ओलं धोतर नेसून! काकू कळवळून म्हणाल्या, "अहो, असं ओलेत्यानं काय करायलाव? मुकटा नेसा की. तो तरी कोरडा आहे."

"मुकटा विरलाय," पेशकार दबक्या आवाजात म्हणाले, "बाहेर माणूस बसलाय."

म्हणजे वायरमनला सोवळ्याचा रेशमी मुकटा फाटलेला दिसू नये म्हणून हा माणूस ओल्या धोतरानं विजेला हात घालणार होता. पायात खडावा घातल्या होत्या. लाकडातून करंट जात नाही, एवढं कुठून तरी ऐकलेलं. पण खडावाही भिजलेल्या. चौरंगावर चढले आणि काकूंना म्हणाले, "चौरंग डुगडुगतोय. धर घट्ट. आणि माझ्या पायालाही धर."

काकूही ओलेत्यातच होत्या. खाली न्हाणीपासून ओघळ आलेला. मी ओरडले, "काकू, धरू नका!" काकूंनी माझ्याकडं बघितलं.

"साब!" गफूर बादलीवरून उठला. "गिल्ले कपड्यां में? उतरो नीचे! खंबे से लाईन कटी नहीं अभी!"

"खटका बंद केलाय मी," पेशकार वरून म्हणाले.

"खटका बंद किया तो नीचे का बंद हुआ, साब. ऊपर की तार तो जिंदीच रहती. खंबे पे काटना पडता पहले, फिर हाथ लगाना."

"मला शिकवायलास? या घरात लाईट आली तेव्हा तू चड्डी घालत नव्हतास. स्क्रू कोणत्या बाजूनं फिरवायचा तेवढं बोल."

"मैं नै बोलता!" गफूरनं पान थुंकलं. "मरना है तो मरो. फिर मेरे नाम पे लोगां बोलेंगे, गफूर ने मारा."

"नको बोलू. मला येतं." पेशकारांनी हात वर केला. डाव्या हातात चाकू, उजवा हात भिंतीवर टेकायला निघालेला. "जानकी, पाय धर म्हटलं ना!"

काकूंनी पाय धरला नाही. त्या वळल्या आणि उंबरा ओलांडून अंगणात आल्या. ओल्या लुगड्यात, परक्या माणसासमोर, डोक्यावरचा पदर घसरलेला. गफूर घाबरून दोन पावलं मागं सरला. काकू सरळ त्याच्यापाशी गेल्या आणि त्याच्या हातातली पिशवी ओढून घेतली. त्याच्या हाताला हात लागला. लागू दिला. पिशवी छातीशी धरून त्या आत गेल्या आणि ती तेलकट पिशवी त्यांनी चुलीवर ठेवली. मग घडवंचीवरच्या प्रत्येक हंड्यात हात बुडवला. मग देवघरात गेल्या आणि देवांना शिवल्या.

पेशकारांचा हात हवेतच राहिला. "अगं! काय केलंस हे! बाटवलंस सगळं!"

"हो," काकू म्हणाल्या. "आता सोवळं कुठं राहिलंच नाही. उतरा खाली. गफूरभाई, आत या. तुमची पिशवी चुलीवर आहे."

ज्या बाईनं लग्न होऊन आल्यापासून तापात, बाळंतपणाच्या आदल्या दिवशी, थंडीत दात वाजत असताना ते सोवळं सांभाळलं, तिनं ते माझ्या डोळ्यांसमोर असं उधळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पेशकार चौरंगावर उभेच होते. धोतरातून पाणी गळत होतं. त्यांना उतरायला कुणी हात दिला नाही, ते आपले आपण उतरले.

पुढचं काम व्हायचं तसं झालं. गफूरनं पॉवरहाऊसचा माणूस आणून खांबावरची तार सोडवली. मग एक बल्ब दोन तारांना जोडून, वरच्या तारेला, खालच्या तारेला लावून बघितला. कुठंच पेटला नाही तेव्हा फळीला हात लावला. फळी निघाली तशी तिच्या मागची बाजू सगळ्यांना दिसली, कोळशासारखी काळी. तारेवरचं रबर बोट लावलं की भुग्यासारखं झडत होतं आणि उघडी तांब्याची तार ओल्या चुन्यात रुतलेली. तीच भिंत, जिला काकू टेकायच्या. गफूर पेशकारांना म्हणाला, "ये देखो, आपका वात." पेशकार म्हणाले, "गवंड्याची चूक."

"पेटी कहाँ लगाऊँ?" गफूरनं पेशकारांना विचारलं.

उत्तर काकूंनी दिलं. "बाहेर ओसरीवर. कोरड्या भिंतीला. पाण्यापासून लांब. आणि हात पोचंल अशी, चौरंगावर चढायला लागू नये."

तिथंच बसली. जुन्या तारा काढून नव्या ओढल्या, फ्यूजमध्ये बारीक तार आली, आणि अंगणात खड्डा खणून कोळसा-मीठ घालून जमिनीची, म्हणजे अर्थिंगची, तार पुरली. काकूंनी दुसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघराच्या भिंतीला तळहात लावून बघितला. मग मला लावायला सांगितला. नुसती भिंत होती, गार.

काम झालं त्याच संध्याकाळी पेशकारांनी घर डोक्यावर घेतलं. भटजींना बोलावणं, पंचगव्य, प्रायश्चित्त. काकू म्हणाल्या, "मी प्रायश्चित्त घेणार नाही. मी पाप केलंच नाही तर कशाचं घेऊ?"

"मग तुझ्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही मी!"

"नका पिऊ," काकू म्हणाल्या आणि भाकरी थापायला बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी ओलेत्यानं पाणी भरणंही सोडलं. कोरडं लुगडं नेसून, उजाडल्यावर आडावर यायच्या. आम्ही दोघी बोलत बोलत भरायचो.

पेशकारांनी ओसरीवर स्वतःची शेगडी मांडली. सोवळ्यात स्वतःच्या हातानं शिजवणार! जन्मात कधी चहाचं आधण ठेवलं नव्हतं. पहिल्या दिवशी खिचडी करपली, दुसऱ्या दिवशी कच्ची राहिली. तिसऱ्या दिवशी खुंटीवरच्या शेरवानीच्या बाहीला ठिणगी लागली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "व्रत धरलंय." लाल मुठीची पेटी मात्र काठीनं दाखवायचे. "मीच बसवून घेतली. वायरमनला काही कळत नव्हतं, इथं बसून एकेक तार सांगावी लागली." ऐकणारे माना डोलवायचे, आणि डोक्यावरून गेलं तरी माना डोलवणाऱ्यांची परभणीत कधीच वाण नव्हती.

त्यानंतर लवकरच माझी बदली झाली आणि आम्ही सेलूला निघालो. सामान गाडीत चढलं. मी काकूंचा निरोप घ्यायला गेले, नेहमीच्या दारानं न जाता मागच्या अंगणातून. दुपारची जेवणाची वेळ. ओसरीवरची शेगडी थंड पडलेली, तिच्यात राखही नव्हती. पेशकार रस्त्याकडं पाठ करून, स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला चिकटून बसले होते. पुढ्यात काकूंच्या हातचं ताट: ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, वर तेल. घास तोंडात होता. मला बघितल्याबरोबर त्यांनी खांद्यावरचं उपरणं ओढून ताटावर टाकलं. घास गिळायला थोडा वेळ लागला. मग म्हणाले, "जेवण नाही, मास्तरीणबाई. प्रसाद घेतोय. प्रसादाला सोवळं-ओवळं नसतं."

एवढ्यात आतून, चुलीपुढं बसलेल्या काकूंचा आवाज आला, अगदी शांत: "अहो, आणखी अर्धा प्रसाद वाढू का? कांदा देऊ सोबत?"

पेशकारांनी माझ्याकडं न बघता उपरणं बाजूला केलं आणि ताट उंबऱ्याच्या आत सरकवलं.